जर आणि तर : वर्धा जिल्ह्यातील कापूसव्यवसाय व आकस्मिक नियोजनाची भाषा

१

ज्या धंद्याचे उद्याचे रूप आज सांगता येत नाही, त्या धंद्याने उद्याची तजवीज कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकाकडे सोपविला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, यासाठी थोडे समर्थन देणे प्राप्त आहे. आकस्मिक नियोजन कागदावर उतरले की त्याची वाक्ये होतात, आणि ती बहुतेक सर्व एकाच जातीची असतात : अमुक घडले तर तमुक करावे. असे नियोजन म्हणजे वस्तुतः संकेतवाक्यांचा संग्रह होय. ही वाक्ये कोणाला उद्देशून आहेत, त्यांतील अट कोणी ओळखावयाची, आणि पुढची कृती कोणाच्या खर्चाने व्हावयाची, हे वाक्यरचनेतच ठरते किंवा वाक्यरचनेतच निसटते. तेव्हा या संग्रहाचे परीक्षण व्याकरणाच्या अंगाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

परीक्षणासाठी वर्धा जिल्ह्यातील कापूसव्यवसाय निवडला आहे. कापूसव्यवसाय या शब्दाने येथे शेत, बाजारपेठ आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने ही तिन्ही अंगे अभिप्रेत आहेत, कारण एका अंगावर आलेला प्रसंग उरलेल्या दोहोंना चुकत नाही. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : आपल्या नियोजनग्रंथांत ‘जर’चा विस्तार पुष्कळ झाला आहे, ‘तर’ मात्र दुबळा राहिला आहे, आणि या दुबळेपणाचे एक कारण आपण कारभारासाठी घडविलेल्या मराठीत आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. इंग्रजीतील ‘कंटिन्जन्सी’ या शब्दाला आपण ‘आकस्मिक’ हा प्रतिशब्द रूढ केला आहे. ‘अकस्मात्’ याची फोड अ-कस्मात् अशी आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशापासून, कोणत्या कारणाने. त्याचा निषेध म्हणजे अकस्मात्. जे कशामुळेही नाही, जे निष्कारण येऊन कोसळते, ते आकस्मिक. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तेथील धातूचा अर्थ स्पर्श करणे, लागून येणे असा आहे. एक गोष्ट दुसरीला लागून येते, दुसरीवर अवलंबून असते, ही छटा त्या शब्दात अजून जिवंत आहे. मूळ शब्द संबंध सांगतो आणि आपला प्रतिशब्द संबंध नाकारतो. हा केवळ कोशकाराचा वाद राहिला असता तर येथे त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु संकटाला एकदा आकस्मिक म्हटले की त्याची पूर्वतयारी न करणाऱ्याला शब्दाचाच आधार मिळतो.

वर्ध्याच्या कापसावर आलेले मोठे प्रसंग पाहिले तर त्यांतील फारच थोडे या अर्थाने आकस्मिक म्हणता येतील. हा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. हिंगणघाटची बाजारपेठ आणि तिच्या नावाने ओळखली जाणारी ‘बनी’ जातीची रुई यांची कीर्ती त्या काळी दूरवर पसरली होती. १८६५ साली युद्ध संपले आणि मुंबईच्या बाजाराचा डोलारा कोसळला. युद्ध कधीतरी संपणार हे कोणालाही ठाऊक होते. ते संपल्यावर आपण काय करणार, याचे उत्तर मात्र फार थोड्यांनी आधी ठरविले होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वर्धा-हिंगणघाटचा कापूस दूरच्या बाजाराशी कायमचा जोडला गेला. त्या दिवसापासून येथील भाव येथे ठरेनासा झाला.

अलीकडची उदाहरणे याच जातीची आहेत. बीटी कापसाला भारतात २००२ साली मान्यता मिळाली. गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी होईल, अशी धास्ती वैज्ञानिकांनी बोलून दाखविली होती. २०१७ च्या खरिपात ती विदर्भात खरी ठरली. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजारभाव १०,००० रुपयांच्याही वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल या आशेने पुष्कळांनी कापूस घरात साठविला. भाव त्या उंचीला गेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क केंद्र सरकारने प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि लगेच वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. म्हणजे नव्या पिकाच्या आवकेचे पहिले महिने त्या सवलतीच्या कक्षेत आले. यांपैकी कोणतीही घटना निष्कारण नव्हती. प्रत्येक घटना दुसऱ्या कशाला तरी लागून आली. दिवस व आकडा अनिश्चित होता, प्रसंगाची जात अनिश्चित नव्हती. नियोजनाला एवढे पुरते, आणि नियोजनाचे काम येथेच सुरू होते.

३

मराठीत अट सांगण्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील तीन येथे उपयोगी आहेत.

पहिला प्रकार बोलीभाषेतील साधा संकेत : ‘पाऊस आला तर पेरू.’ पूर्ण रूप ‘जर पाऊस आला तर पेरू’ असे आहे. परंतु बोलताना ‘जर’ सहज गळतो, आणि ‘तर’ सहसा गळत नाही. ‘जर पाऊस आला, पेरू’ असे कोणी म्हणत नाही. अटीची खूण पुसली तरी भाषेला चालते, परिणामाची खूण पुसलेली चालत नाही.

दुसरा प्रकार गेलेल्या गोष्टीचा : ‘तेव्हाच विकला असता तर बरे झाले असते.’ व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. यातली अट पुरी झालेली नसते आणि आता होणारही नसते. ज्या धंद्यात पूर्वनियोजन नसते, त्या धंद्यात या रूपाचा वापर वाढतो. हंगामाच्या अखेरीस बाजारपेठेच्या आवारात थोडा वेळ उभे राहणाऱ्यास याचा प्रत्यय येईल.

तिसरा प्रकार कारभाराचा : ‘पाऊस लांबल्यास कमी कालावधीच्या वाणाची पेरणी करण्यात यावी.’ येथे ‘लांबल्या’ या रूपाला ‘स’ हा चतुर्थीचा प्रत्यय लागून अट तयार होते. हे रूप सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच परिपत्रके, सल्लापत्रके व आराखडे यांनी ते आपलेसे केले. परंतु त्यात ‘जर’ही नाही आणि ‘तर’ही नाही. बोलीने जो शब्द जपला तोच येथे गेला. वाक्याच्या उत्तरार्धात ‘करण्यात यावी’ हे कर्मणी वळणाचे विध्यर्थी क्रियापद आले की कर्ताही जातो. ‘शेतकऱ्यांनी पेरणी करावी’ या वाक्यात निदान तृतीयेतील कर्ता आहे. ‘पेरणी करण्यात यावी’ या वाक्याला कर्त्याची गरजच भासत नाही. अट आहे, कृती आहे, पण ती करणारा कोणी नाही. असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, आणि ते सही करणाऱ्याला कशानेही बांधत नाही.

कर्त्याचा लोप हा प्रत्येक वेळी दोष असतो असे नाही. कायद्याला सर्वसामान्य कर्ता लागतो, आणि विज्ञानाच्या लेखनात कर्ता गौण असतो. पण संकटप्रसंगीचे वाक्य या दोहोंहून वेगळे आहे. ते वाचणाऱ्याला तत्क्षणी कळावे लागते की हे मला सांगितले आहे.

४

वर्धा जिल्ह्याची बोली वऱ्हाडी-नागपुरी पट्ट्यातली आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या पट्ट्यातील बोलींचे नमुने आले आहेत. या बोलीतील ‘-जो’ प्रत्ययान्त आज्ञार्थाकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे : येजो, जाजो, देजो, करजो. प्रमाण मराठीतील ‘कर’ ही आताची आज्ञा आहे. ‘करजो’ ही पुढच्या वेळेची आज्ञा आहे. सांगणारा आता सांगतो, करणारा नंतर करणार असतो, आणि त्या वेळी सांगणारा जवळ असेलच असे नाही. गुजरातीत व राजस्थानीतही याच्या जवळची रूपे आढळतात. प्रमाण मराठीत हे काम ‘कर हं’, ‘करशील ना’ अशा जोडांनी भागवावे लागते.

प्रस्तुत लेखकाचे बालपण याच बोलीत गेले. मृगाच्या सुमारास वडिलांना कामासाठी परगावी जावे लागे. निघताना बैलगाडीत बसून ते थोरल्या भावाला सांगत : ‘पाणी आला तं पेरजो. नाई आला तं बियाणं तसंच ठेवजो. एका पाण्यावर हात घालू नको.’ एवढ्यात सर्व होते. अट होती, आणि तिच्या विरुद्धची अटही होती. दोहोंसाठी वेगवेगळ्या कृती होत्या. कर्ता समोर उभा होता. बियाणे आधीच घरात आणलेले होते, म्हणजे कृतीला लागणारे साधन अटीच्या आधी तयार होते. आणि अखेरचे वाक्य चुकीच्या खुणेपासून सावध करणारे होते. एका सरीवर फसून पेरले तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, हे त्या घराला अनुभवाने माहीत होते.

या तीन वाक्यांवरून आकस्मिक नियोजनाची एक कसोटी बांधता येते. नियोजनवाक्यात चार गोष्टी असाव्यात : कर्त्याला स्वतः ओळखता येईल अशी खूण, नाव घेऊन सांगितलेला कर्ता, खुणेच्या आधी हाताशी असलेले साधन, आणि खूण न दिसल्यास काय करावयाचे याचे उत्तर. या चौकटीत आपले ग्रंथ तपासून पाहू.

५

हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, राज्यांतील कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने, देशातील सहाशेंहून अधिक जिल्ह्यांसाठी आकस्मिक कृषी आराखडे तयार झाले आहेत. या सर्वांचा साचा एक आहे. प्रारंभी जिल्ह्याची माती, पाऊस, पिके यांची माहिती येते. नंतर प्रसंगवार तक्ते येतात : मान्सून दोन आठवडे लांबला, चार आठवडे, सहा आठवडे, आठ आठवडे, मध्येच खंड पडला, पाऊस लवकर संपला, अतिवृष्टी, पूर, गारपीट, उष्णतेची लाट. प्रत्येक प्रसंगासमोर नेहमीचे पीक, सुचविलेला पीकबदल, मशागतीचे उपाय आणि अंमलबजावणीविषयी शेरा असे रकाने आहेत. जनावरे, कुक्कुटपालन व मत्स्यपालन यांचाही विचार त्यात आहे.

या कामाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ‘पाऊस लांबला’ या ढोबळ वाक्याचे दोन, चार, सहा व आठ आठवडे असे चार भाग करणे, ही नियोजनाच्या भाषेतील खरी प्रगती आहे. आठ आठवड्यांच्या उशिरावरचे उत्तर दोन आठवड्यांच्या उशिराला लागू पडत नाही, हे येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने जिल्हावार मांडले गेले. ‘जर’ची ही सूक्ष्मता प्रशंसनीय आहे.

परंतु ‘तर’च्या रकान्यांकडे वळले की चित्र पालटते. तेथे वाणबदल, आंतरपीक, आच्छादन, संरक्षित पाणी हे उपाय येतात, आणि ते शास्त्रशुद्ध आहेत. पण ते कोणाला सांगितले आहेत, हे रकाना सांगत नाही. शेऱ्याच्या रकान्यात बियाणे कोणत्या शासकीय योजनेतून किंवा यंत्रणेकडून मिळावे, याचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. तेवढ्यापुरता कर्ता दिसतो, पण तो योजनेच्या नावाच्या रूपाने. योजना बियाणे देत नाही. एखाद्या गोदामातील एखादा माणूस देतो, आणि ते बियाणे तेथे जूनपूर्वी असावे लागते. पर्यायी वाणाचे बियाणे उशीर झाल्यावर मागवावयाचे की उशीर होण्यापूर्वी साठवावयाचे, आणि उशीर झालाच नाही तर त्या साठ्याचा तोटा कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला साच्यात जागा नाही. हा साधनाचा प्रश्न आहे, आणि नियोजनाचा खरा खर्च येथेच असतो.

खुणेचा प्रश्नही असाच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, हा सल्ला दर जून महिन्यात दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र मिलिमीटर हे मापन महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आहे. पाऊस शिवाराशिवारात वेगळा पडतो. कास्तकार मातीत हात घालून ओल किती खोल गेली हे पाहतो. एक माप कचेरीला दिसते, दुसरे शेताला. आणि या दोहोंची सांगड घालणारे वाक्य सल्लापत्रकात असावयास हवे. अट शास्त्रीय असणे पुरेसे नाही. ज्याने कृती करावयाची, त्याला ती अट स्वतः पाहता आली पाहिजे.

या साच्याची आणखी एक मर्यादा आहे. त्यातील प्रसंग हवामानाचे आहेत. भाव पडणे, खरेदी थांबणे, शुल्क उठणे, चुकारा लांबणे हे त्यात नाहीत. आराखडा कृषिविषयक असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु कापूसव्यवसायाचे संकट जेव्हा या बाजूने येते, तेव्हा त्यासाठीचा दुसरा ग्रंथ कोठे आहे, हे विचारणे भाग आहे.

६

जिनिंग कारखान्याचा हिशोब मांडून पाहिला म्हणजे या दुसऱ्या ग्रंथाची गरज ध्यानात येते. कारखानदार कापूस क्विंटलने घेतो, रुई खंडीने विकतो, आणि सरकी पुन्हा क्विंटलने विकतो. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. गाठ १७० किलोची. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी मिळते असे धरू, उरलेली घट. समजा, रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये व सरकीचा क्विंटलला ३,००० रुपये आहे. तर एका क्विंटल कापसातून रुईचे सुमारे ५,२५३ आणि सरकीचे १,९२० असे मिळून ७,१७३ रुपये उभे राहतात. यातूनच कापसाची किंमत, मजुरी, वीज, वाहतूक, व्याज आणि विमा भागवावयाचा. सरकीचा भाव किलोमागे ५ रुपयांनी उतरला तर क्विंटलमागे ३२० रुपये जातात, आणि पुष्कळदा नफ्याची सगळी जागा तेवढीच असते. वर्तमानपत्रांतून चर्चा होते ती रुईच्या भावाची. कारखाना बुडविण्यास सरकी आणि ढेपेचा बाजारही पुरेसा असतो. अशा व्यवसायाचे आकस्मिक नियोजन म्हणजे या सर्व आकड्यांसाठी आधी ठरविलेले ‘तर’ : सरकी या भावाखाली गेली तर खरेदी इतकी कमी करावयाची, ओलावा ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर माल परत पाठवावयाचा, चुकाऱ्यासाठी इतक्या दिवसांची रक्कम नेहमी हाती ठेवावयाची.

जुन्या बाजारभाषेत अशा ‘तर’ला शब्द होते. ‘तेजी-मंदी’ हा शब्द आज आपण भावाच्या चढउतारासाठी वापरतो. मुंबईच्या कापूसबाजारात ती करारांची नावे होती. ठरावीक रक्कम आधी देऊन पुढे ठरलेल्या भावाने माल घेण्याचा हक्क मिळविणे ही तेजी. विकण्याचा हक्क मिळविणे ही मंदी. दोन्ही हक्क एकत्र घेणे ही तेजी-मंदी. त्या करारांत सट्ट्याचा अतिरेक झाला, आणि १९५२ च्या वायदा करार (विनियमन) कायद्याने मालाच्या बाजारातील असे व्यवहार निषिद्ध ठरले. निषेधाला कारणे होती. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, जो शब्द ‘भाव पडला तर मला हे करता येईल’ असे सांगत होता, तो आता ‘भाव पडला’ एवढेच सांगतो. ‘तर’ गेला आणि ‘जर’ उरला.

७

निषिद्ध झालेल्या ‘तर’च्या जागी शासनाने स्वतःचा ‘तर’ उभा करण्याचा मोठा प्रयत्न केला, तो महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम, १९७१ अन्वये १९७२ पासून चालविलेल्या एकाधिकार खरेदी योजनेचा. कास्तकाराला हमीभाव द्यावयाचा, रुई विकून आलेल्या नफ्यात त्याला वाटा द्यावयाचा, आणि नफ्याचा काही भाग किंमत चढउतार निधीत ठेवून वाईट वर्षी वापरावयाचा, अशी ही कल्पना होती. चारही गोष्टी येथे एकत्र आलेल्या दिसतात : हमीभाव ही खूण सर्वांना दिसणारी, कर्ता निश्चित, साधन म्हणून निधी, आणि चांगल्या व वाईट दोन्ही वर्षांचे उत्तर. वाक्य म्हणून योजनेची रचना उत्तम होती.

ती का टिकली नाही? एक तर बाहेर भाव चढला की कापूस राज्याची सीमा ओलांडून जाऊ लागला, आणि भाव पडला की सगळा कापूस खरेदी केंद्रावर येऊ लागला. म्हणजे निधी भरणारी वर्षे निसटली आणि रिकामा करणारी वर्षे पदरी आली. दुसरे असे की हमीभाव हा बाजाराच्या हिशोबावरून ठरण्याऐवजी राजकीय निकडीने वाढू लागला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोटा वाढत गेला, चुकारे लांबले, आणि २००२ पासून खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. योजनेतील ‘तर’ मोडला तो त्यामागील साधन आटल्यामुळे. चांगल्या वाक्यालाही आधी भरलेल्या निधीची जोड लागते, हा धडा त्या तीस वर्षांनी दिला. त्यानंतर ज्या वेळी ‘तर’ कोठेच नव्हता, त्या वेळी काय घडले हे विदर्भाला सांगण्याची आवश्यकता नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३,७५० कोटी रुपयांची मदत ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केली, त्यांत वर्धा होता. घडून गेल्यानंतरची मदत कितीही आवश्यक असो, तिला नियोजन म्हणता येत नाही.

८

येथे एक आक्षेप संभवतो. बैलगाडीतून दिलेली आज्ञा घरापुरती ठीक आहे. आयातशुल्क आणि बोंडअळी यांचा सामना ‘पेरजो’ने कसा व्हावा? हा आक्षेप रास्त आहे. बोलीतील आज्ञार्थात घरातील अधिकार गृहीत असतो. सांगणारा वडील आणि ऐकणारा मुलगा असतो. ज्या घरात पेरणीचा निर्णय एकाचा आणि निंदणी-वेचणीचे कष्ट दुसरीचे, तेथे ती आज्ञा सर्वांच्या हिताचीच असेल असे नाही. शिवाय घराच्या अनुभवात नसलेला प्रसंग त्या भाषेला आधी दिसत नाही. १८६५ चा भाव घराच्या शहाणपणाने कळण्यासारखा नव्हता. तेव्हा आराखडे बाजूला सारून बोलीकडे परत जावे, असे येथे सुचवावयाचे नाही. दूरचा ‘जर’ पाहण्याचे काम संस्थांचेच आहे. तो जवळच्या ‘तर’ला कसा जोडावा, एवढाच प्रश्न आहे.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या जोडणीवर प्रकाश टाकते. डिसेंबर-जानेवारीनंतर फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, आणि जिनिंग कारखान्यांच्या आवारात कामगंध सापळे लावावेत, असे उपाय सांगितले जातात, कारण साठविलेल्या सरकीतून व कचऱ्यातून अळी पुढच्या हंगामात पोचते. येथे कर्ते दोन आहेत, कास्तकार आणि कारखानदार, आणि एकाने केले व दुसऱ्याने केले नाही तर दोघांचेही केलेले फुकट जाते. अशा वेळी ‘सापळे लावण्यात यावेत’ या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. कास्तकार म्हणतो, फरदडीचे चार वेचे सोडून द्यावयाचे तर त्या उत्पन्नाची भरपाई कोण करील. कारखानदार म्हणतो, शेजारच्या आवारात सापळे नसतील तर माझ्या सापळ्यांनी काय होणार. दोघांचेही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे वाक्यात नसतील तर वाक्य पाळले जाणार नाही, आणि न पाळल्याचा दोष मग अज्ञानाला दिला जाईल.

९

या विवेचनातून दोन सूचना निघतात. पहिली, जिल्हा आराखड्याचे मराठी रूप तयार करताना प्रत्येक ‘-ल्यास’ वाक्य एकदा ‘तर’ घालून आणि कर्ता घालून पुन्हा लिहून पाहावे. जे वाक्य असे लिहिता येत नाही, त्याच्या मागे निर्णय झालेला नाही असे समजावे. हा प्रयोग अनुवादकाने केला तरी त्याचा उपयोग नियोजनकाराला होईल, कारण कर्त्याची रिकामी जागा मग लपून राहणार नाही.

दुसरी सूचना विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. हिंगणघाट, देवळी, आर्वी, पुलगाव येथील बाजारपेठा व जिनिंग कारखाने यांतील संकेतवाक्यांचा संग्रह अद्याप व्हावयाचा आहे. अडत्या, मापारी, रेच्यावरचा कामगार, सरकीचा खरेदीदार आणि वेचणीला जाणाऱ्या बाया हे आपापल्या कामात कोणत्या अटी पाळतात, कोणत्या शब्दांत सांगतात, आणि त्या अटी कोणाकडून कोणाकडे जातात, हे नोंदविले गेले तर शब्दसंग्रहाची भर तर पडेलच. शिवाय या जिल्ह्यात अनिश्चिततेचा भार कोणाकडून कोणाकडे सरकविला जातो, याचा नकाशाही त्यातून मिळेल. ज्याच्या वाट्याला फक्त ‘असता तर’ येतो, तो या नकाशाच्या शेवटच्या टोकाला सापडेल असा तर्क आहे. तो खरा की खोटा हे संग्रहावरून ठरावे.

‘-जो’ हा प्रत्यय नव्या पिढीच्या तोंडून कमी ऐकू येतो. प्रमाण भाषेच्या शाळेत त्याला ग्राम्य म्हटले गेले, आणि ज्यांनी तो टाकला त्यांच्या जागी दुसरे रूप कोणी दिले नाही. पुढच्या वेळेची आज्ञा, ऐकणाऱ्याला समोर ठेवून आणि साधन त्याच्या हाती देऊन सांगण्याची रीत त्या रूपात होती. तेवढी रीत आपल्या आराखड्यांत यावी. प्रत्यय कोणताही असो.